हरल्याचा वाटा

आमच्या कॉलेजचा फुटबॉल संघ हरला की सगळ्यांत जास्त फायदा कॉलेजसमोरच्या हॉटेलवाल्याचा होतो. जिंकलो तर लोक फटाके लावतात, पोरांना खांद्यावर घेऊन नाचतात आणि आपापल्या घरी जेवायला जातात. हरलो तर मात्र कुणाचा पाय घराकडे वळत नाही. सगळे हॉटेलात येऊन बसतात आणि चर्चा सुरू होते. ती संपेपर्यंत दुधाचं पातेलं दोनदा तरी रिकामं होतं. हॉटेलवाला स्वतः संघाचा पक्का माणूस आहे, हरल्याचं दुःख त्याला आमच्याइतकंच होतं. फक्त तो ते चहा ओतता ओतता करतो.

मी या पुरुषांच्या घोळक्यात कशी शिरले ते सांगायला हवं. माझं शिवणकामाचं दुकान त्या हॉटेलला लागून आहे. मुलगा कॉलेजात होता तेव्हा संघाच्या जर्सींवर आकडे शिवून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मुलगा पास होऊन पुण्याला गेला, आकडे माझ्याकडेच राहिले. आपण ज्याच्या पाठीवर आकडा शिवला तो पोरगा मैदानात कसा पळतो, हे बघावंसं वाटणारच. सुरुवातीला मी नुसता आकडा नीट बसलाय का ते बघायला जायची. मग ऑफसाइड कळायला लागला. मग रेफ्रीला नाही नाही ते बोलायला लागले. नवरा म्हणतो, घरात तू एवढी कधी ओरडत नाहीस. ते खोटं आहे, पण असो.

आमच्या चर्चेचे कायमचे अध्यक्ष म्हणजे कॉलेजचे निवृत्त पीटीचे सर. घरी, बाजारात, देवळात ते अस्सल मालवणी बोलतात, पण सामन्याबद्दल बोलायचं तर शुद्ध मराठीतच. मालवणीत बोललं की त्याचं भांडण होतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या समोरच्या बाकावर आमचा रिक्षावाला. संघ हरणार हे आपल्याला आधीच माहीत होतं, असं तो प्रत्येक सामन्यानंतर सांगतो. जिंकल्यावरसुद्धा सांगतो. बाकी कॉलेजचे दोन-चार प्राध्यापक, ऑफिसातला क्लार्क, जुने विद्यार्थी, असे जमेल तसे येतात.

यंदाच्या संघात आमचा जीव सगळ्यांत जास्त होता तो गोलकीपरवर. गोली म्हणतो आम्ही त्याला. शेवटच्या वर्षाला होता. किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातला, ताडमाड उंच, हात असे लांब की मला त्याच्या बाह्यांना कापड पुरवताना नाकी नऊ यायचे. या पोराला विद्यापीठाच्या संघाच्या निवडीसाठी मुंबईला बोलावणं आलं होतं. आमच्या कॉलेजात असं बोलावणं आजवर कुणालाच आलं नव्हतं. रविवारी आमचा अंतिम सामना, आणि सोमवारी पहाटेच्या एसटीनं तो निघणार, असं ठरलं होतं. मी त्याच्यासाठी नवी काळी जर्सी शिवली. कोपरांना आतून जाड कापड लावलं, पाठीवर पांढरा एकचा आकडा. एक हा शिवायला सगळ्यांत सोपा आकडा, तरी मी तो दोनदा उसवला, कारण मला तो किंचित तिरका वाटत होता.

आता सामना कसा गेला ते सांगते.

आमचं मैदान सुरूच्या झाडांच्या अलीकडे आहे आणि झाडांच्या पलीकडे लगेच वाळू नि समुद्र. समोरचा संघ रेडीच्या बाजूचा. तिकडची पोरं गोव्याच्या वाऱ्यात वाढलेली, त्यांना फुटबॉल काय शिकवायचा. तरी दुसरा हाफ संपत आला तरी सामना शून्य-शून्य होता, आणि तो सगळा आमच्या गोलीच्या जिवावर. त्या हाफात त्याची जाळी समुद्राच्या अंगाला होती. आम्ही सगळे तिच्या मागे वाळूच्या उंचवट्यावर उभे होतो. माझा घसा बसला होता. आता ही मॅच पेनल्टीवर जाणार आणि पेनल्टीत आपला गोली कुणाला ऐकत नाही, असं सर म्हणाले, आणि त्याच वेळी मागून किनाऱ्यावरून हाक आली.

"बांगडो इलो रे! हात लावा!"

रापण लागली होती. ज्यांनी रापण पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. होडी समुद्रात अर्धा गोल फिरून लांबलचक जाळं टाकते आणि त्याची दोन्ही टोकं माणसं किनाऱ्यावरून ओढतात. मासळी भरपूर असली की असतील तेवढे हात कमी पडतात. म्हणून आमच्याकडे रिवाज आहे, ज्याचा हात दोरीला लागला त्याला मासळीचा वाटा. मग तो पोस्टमन असो की वाट चुकून आलेला पर्यटक. पण हल्ली रापणीला मासळी लागते कुठे? मोठ्या बोटी बाहेरच सगळं गोळा करतात आणि रापणवाल्यांच्या वाट्याला शेवाळ येतं. त्यामुळे 'बांगडो इलो' ही हाक आम्ही कितीतरी दिवसांनी ऐकत होतो.

पहिला रिक्षावाला गेला. "वायच बघून येतंय," म्हणाला. त्याच्या मागून जुने विद्यार्थी गेले, मग क्लार्क, मग प्राध्यापक. मीही गेले. पदर खोचून, चपला हातात घेऊन, चांगली धावत गेले. सर सगळ्यांत शेवटी आले, तेसुद्धा मॅचकडे तोंड करून उलटे चालत, त्यामुळे वाटेत एकदा पडले. हॉटेलवाला तर आमच्या आधीच तिथे पोहोचलेला होता, हे नंतर कळलं.

जाळं जवळ आलं होतं. पाण्यात नुसती चांदी उसळत होती. मी दोरी धरली आणि जी ओढायला लागले, ती सामन्याचा सगळा जोर काढूनच. सगळ्यांचं तेच झालं. आम्ही रापणकार थोडेच? आम्ही दोरी वर उचलून ओढत होतो. जाळ्याची खालची दोरी वाळूला घासतच यायला हवी, पायाखाली दाबून धरायला हवी, ती उचलली की मासळी खालून निसटते. कुणी तरी म्हातारा रापणकार तेच ओरडत होता, पण आमच्या आरडाओरड्यात त्याचं ऐकतोय कोण?

गोली आमच्याकडे पाठ करून उभा होता. त्यानं एवढा वेळ मान वळवली नव्हती. पण रापणीवर वाढलेलं ते पोर. मागच्या आवाजावरूनच त्याला कळलं असणार की काहीतरी चुकतंय. तो गर्रकन वळला आणि जाळीतून आमच्याकडे बघत असा काही ओरडला, की तसा तो आपल्या बचावफळीवर उभ्या जन्मात ओरडला नसेल.

"रे मेल्यांनू, खालची दोरी! पायाखाली दाबा! मासळी जाता!"

आम्ही सगळ्यांनी एकदम दोरीवर पाय दिले. जाळं वाळूला टेकलं. आणि मागून शिट्टी वाजली.

आम्हाला गोल दिसलाच नाही. मैदानात राहिलेल्यांनी नंतर सांगितलं, की त्यांच्या फॉरवर्डनं चेंडू अगदी सावकाश ढकलला होता, इतका सावकाश की आपण खरंच हे करतोय का, असं त्याच्याच चेहऱ्यावर दिसत होतं. थोड्या वेळानं शेवटची शिट्टी झाली. सामना गेला.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे हॉटेल भरलं. त्या दिवशीची चर्चा मी विसरणार नाही. तशी मजा पुन्हा व्हायची नाही.

प्रत्येकाकडे एक पिशवी होती. कुणी ती बाकाखाली सरकवली होती, कुणी खुंटीला लावली होती, सरांनी आपली पिशवी छत्रीआड ठेवली होती. पिशवीत काय आहे ते कुणी कुणाला विचारलं नाही. हॉटेलात ताज्या बांगड्याचा वास सुटला होता आणि दारात वाडीतली सगळी मांजरं येऊन बसली होती. चहा आला तेव्हा आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. एकानंही ग्लास हातात धरून ठेवला नाही. सगळ्यांनी चहा बशीत ओतला आणि बोटांच्या टोकांनी बशी उचलली. मीही तेच केलं. दोरीनं माझे तळहात असे सोलून निघाले होते की कात्री धरायची तर मला चार दिवस जमणार नव्हतं.

आणि मग विश्लेषण सुरू झालं. सरांनी टेबलावर बिस्किटं मांडून संघ उभा केला. "आपली मधली फळी आणि बचावफळी, यांच्यातलं अंतर वाढलं," ते म्हणाले आणि एक बिस्किट मागे सरकवलं.

"माका सकाळीच समाजला होता," रिक्षावाला म्हणाला. "जर्सीचो रंग बदललो, तेवाच मॅच गेली."

हे माझ्यावर होतं. "रंग बदललो म्हणान गोल जाता काय रे?" मी म्हटलं. "तुझी रिक्षा हिरवी केली तर ती वेळेर येतली काय?"

हॉटेलवाल्याचं म्हणणं वेगळं होतं. "पोरां भायर बिर्याणी खावन इली. माझी उसळ खाल्ली असती तर धावली असती." क्लार्क म्हणाला, वारा खारा होता, चेंडू जड झाला. एका प्राध्यापकांनी सांगितलं की रेफ्रीची सासुरवाडी रेडीला आहे. कुणी म्हणालं, हंगामाच्या सुरुवातीला देवाला नारळ ठेवायचा राहिला, कारण तो ठेवायचं काम सगळ्यांनी एकमेकांवर सोपवलं होतं. एवढी सगळी कारणं निघाली, पण रापण हा शब्द कुणी तोंडातून काढला नाही. सरांच्या बिस्किटांच्या संघात मी बघितलं, तर गोलीच्या जागी काहीच नव्हतं. दहाच बिस्किटं होती. अकरावं मांडायचं धाडस त्यांना होत नव्हतं.

मला हसू येत होतं आणि रागही येत होता. हसू सगळ्यांचं, राग कशाचा ते अजून कळत नव्हतं.

तेवढ्यात गोली दारात आला. मांजरांतून वाट काढत आत आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. सामना संपल्यापासून तो घरी गेलेलाच नव्हता, जेटीवर एकटा बसून होता. पायांना अजून मैदानाची माती तशीच. काळी जर्सी घडी घालून हातात.

"काकी, ही जर्सी तू ठेव," तो म्हणाला. "उद्या मी जावचंय नाय."

"शिवलेलो कपडो मी परत घेणंय नाय," मी म्हटलं. "दुकानात पाटी लावलेली आसा."

तो हसला नाही. "अशा वेळार मागे बघणारो गोली कोणाक व्हयो, काकी? थंय जावन परत असाच केलंय तर? सगळ्या गावाची मॅच मी घालवलंय."

सर खाकरले. "अरे, तुझ्या एकट्याची चूक नाही. आपली मधली फळी..." एवढं बोलून ते अडकले आणि बिस्किट इकडचं तिकडे करायला लागले. सरांचा एक हात मघापासून टेबलाखालून बाहेरच आला नव्हता. उजवा हात ते मांडीवर दडवून डाव्यानंच सगळा संघ हलवत होते.

आता मला राग कशाचा येत होता ते कळलं. मी उठले.

"मधली फळी गेली खड्ड्यात!" मी ओरडले. "सगळ्यांनी हात वर करा. तळहात दाखवा, तळहात! सर, तुम्ही पण."

कुणी हलेना. मग मीच माझे दोन्ही हात वर केले. मधोमध आडवा लाल वळ, काही ठिकाणी कातडं निघालेलं. माझ्यानंतर रिक्षावाल्यानं केले. मग क्लार्कनं, मग एकेक करत प्राध्यापकांनी. हॉटेलवाल्यानं किटली खाली ठेवली आणि हात वर केले. सगळ्यात शेवटी सरांनी उजवा हात टेबलाखालून काढला. त्याला रुमाल बांधलेला होता, तो त्यांनी सोडला. सगळं हॉटेल हात वर करून बसलेलं आणि प्रत्येक हातावर तोच वळ. त्या क्षणी बाहेरून कुणी आलं असतं तर त्याला वाटलं असतं, इथे दरोडा पडलाय.

"जेचो हात दोरीक लागलो, तेका वाटो," मी त्याला म्हटलं. "ह्यो आपलो रिवाज आसा मा? मगे मासळीचो वाटो आमच्या पिशवेत, आणि हरल्याचो वाटो एकट्या तुझ्या डोक्यार? खंयचो न्याय ह्यो?"

गोली एकेका हाताकडे बघत होता. मला वाटलं आता हा रडतो. पण त्यानं विचारलं ते भलतंच.

"म्हणजे... मासळी रवली?"

आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं की याला ते माहीतच नाही. गोल झाल्यावर त्यानं शरमेनं पुन्हा समुद्राकडे मान वळवलीच नव्हती. तो इतका वेळ जेटीवर बसून समजत होता की मॅचही गेली आणि मासळीही गेली.

रिक्षावाल्यानं बाकाखालची पिशवी ओढली आणि त्याच्या नाकासमोर धरली. "रवली म्हणजे काय? ही बघ! तू वरडलो नसतंस तर एक बांगडो गावलो नसतो."

आणि मग सगळ्या पिशव्या वर आल्या. खुंटीवरच्या, बाकाखालच्या, छत्रीआडची. मांजरं दारातून उठून सरळ आत आली. गोलीनं सरांच्या पिशवीत डोकावून बघितलं, मग सरांकडे बघितलं, आणि त्याला हसू फुटलं. आधी नाकातून, मग मोठ्यानं. सरांना आयुष्यात पहिल्यांदाच लाजताना आम्ही पाहिलं.

मग हरल्याचं वाटप सुरू झालं. "माझो वाटो मोठो," रिक्षावाला म्हणाला, "पयलो मी पळालंय." हॉटेलवाला म्हणाला की त्याच्याही आधी तो पळाला होता, तेव्हा मोठा वाटा त्याचा. दोघे त्यावरून भांडायला लागले. आणि सर, जे सामन्याबद्दल एक अक्षर मालवणीत बोलत नाहीत, ते हळूच म्हणाले, "माझो पण धर. मी सर आसान थंय रवलंय नाय." एवढं बोलून त्यांनी रिकामा ग्लास उचलला आणि दहा बिस्किटांच्या मागे, गोलीच्या जागेवर, उपडा ठेवला.

हॉटेलवाल्यानं प्रत्येक पिशवीतून एकेक बांगडा काढला. आत त्याच्या बायकोनं तिरफळ घालून तिखलं, म्हणजे झणझणीत दाट कालवण, केलं. गोलीनं भाकरी मोडली आणि कोपरापर्यंत ओघळ आणत जेवला, आम्ही बशीतला चहा पीत त्याच्याकडे बघत बसलो. मला इतका आनंद झाला होता की हरल्याचं मी साफ विसरून गेले. जेवायला बसताना त्यानं माझ्याकडे दिलेली जर्सी माझ्या मांडीवर होती. जाताना त्यानं ती उचलली. तिला बांगड्याचा वास लागला होता, पण ती आता धुवायला वेळ नव्हता.

पहाटे एसटी स्टँडवर आम्ही सगळे हजर. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. रिक्षावाल्यानं त्याला घरून आणलं होतं, वेळेवर, हे मुद्दाम मला ऐकवलं. त्याच्या आईनं डबा दिला होता, त्यात काय होतं ते सांगायला नकोच, वासावरून कळत होतं. तो चढला, खिडकीची जागा धरली. एसटी मागे यायला लागली तसे आम्ही हात हलवायला लागलो. सरांनी हाताला पुन्हा बांधलेला रुमाल सुटला होता. सगळ्यांचे हात वर आणि सगळ्यांच्या तळहातांवर ते लाल वळ, रात्रीत आणखी सुजलेले. तो त्यांच्याकडेच बघत होता. एकदा त्यानं तोंडावर हात धरला, मग खिडकीतून अर्धा बाहेर आला.

"काकी! सर! फुडच्या मॅचीक रापण इली तर जावा!" तो ओरडला. "पण खालची दोरी पायाखाली धरा!"

एसटी वळली. सरांनी तिथंच, स्टँडच्या फरशीवर, पुन्हा पुन्हा पाय दाबून त्याला दाखवला, तो दिसेनासा होईपर्यंत.